पाठीवर पडून लढलेला सामना

२६ जून १९७६. टोकियोचं बुदोकान सभागृह. एका बाजूला जगज्जेता हेवीवेट बॉक्सर मुहम्मद अली, दुसऱ्या बाजूला जपानचा व्यावसायिक कुस्तीगीर अँटोनियो इनोकी. तीन-तीन मिनिटांच्या पंधरा फेऱ्या झाल्या आणि पंचेचाळीस मिनिटांत अलीने मारलेले ठोसे भरले जेमतेम सहा, अशी नोंद बहुतेक ठिकाणी सापडते. इनोकीने बहुतांश वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारण्यात घालवला. निकाल बरोबरीचा लागला. लोकांनी रिंगमध्ये हाताला येईल ते फेकलं, पैसे परत मागितले, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी दोघांचीही यथेच्छ टिंगल केली.

हा सामना तेव्हापासून फार्स म्हणून ओळखला जातो. माझं मत उलटं आहे. 'कुठली युद्धकला भारी' या कधीच न संपणाऱ्या वादात ज्याच्याकडून खरंच काही शिकता येतं, असं याच्याइतकं चांगलं प्रकरण मला दुसरं माहीत नाही. दोघांपैकी कोणीही मूर्खपणा केला नाही. त्या रात्री जे नियम लागू होते त्यात शहाण्या माणसाने जे करावं तेच दोघांनी केलं, आणि म्हणूनच ते बघायला इतकं कंटाळवाणं झालं.

सुरुवात झाली ती बढाईतून. १९७५ च्या एप्रिलमध्ये अलीची गाठ जपानच्या हौशी कुस्ती संघटनेचे अध्यक्ष इचिरो हात्ता यांच्याशी पडली. पूर्वेकडचा कोणी लढवय्या मला आव्हान द्यायला तयार आहे का, हरवेल त्याला दहा लाख डॉलर, अशा अर्थाचं काहीतरी अली बोलून गेला. अलीला असं बोलायची सवयच होती. हात्ता यांनी मात्र ते जपानी पत्रकारांपर्यंत पोचवलं आणि इनोकीने लगेच उचललं.

हात्ता हे स्वतः ज्युडोतून कुस्तीत आलेले. जपानमध्ये ऑलिंपिक पद्धतीची कुस्ती रुजवण्याचं श्रेय त्यांना जातं. त्याच जपानी कुस्तीतून पुढे आलेला शोहाची इशिई मुळात ज्युडोचा, आणि त्याने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं. बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गट. आपल्या खाशाबा जाधवांचं कांस्य त्याच गटातलं, आणि खाशाबांना हरवणाऱ्यांत इशिई होता. मातीतला मल्ल आणि ज्युडोतला मल्ल, दोघेही परक्या गादीवर, तिसऱ्याच कोणाच्या नियमांनी भिडले होते. शैलींची तुलना म्हणजे काहीतरी नवं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे जाता जाता सांगितलं.

इनोकीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बरेच जण त्याला नुसता टीव्हीवरचा पैलवान समजतात. जन्म योकोहामाचा, १९४३ चा. पोरवयात कुटुंबासोबत ब्राझीलला गेला, तिथे जपानी कुस्तीचा तेव्हाचा सर्वांत मोठा तारा रिकिदोझान याच्या नजरेला पडला आणि परत जपानला आला. १९७२ मध्ये त्याने 'न्यू जपान प्रो-रेसलिंग' ही स्वतःची कंपनी काढली. या धंद्यातल्या कुस्त्या आपल्या भाषेत नुरा कुस्त्या, निकाल आधी ठरलेला. अलीला गाठण्याच्या चारच महिने आधी, १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये ज्युडोची दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या विलेम रुस्काला इनोकीने 'हरवलं', तेही याच प्रकारातलं.

पण ठरवून लढणाऱ्याला खरं लढता येत नाही असं नसतं. इनोकीचा गुरू कार्ल गॉच. बेल्जियमकडून १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरलेला, नंतर इंग्लंडमधली कॅच कुस्ती शिकलेला. या कुस्तीत पाठ लावणं हा एक रस्ता, आणि सांधा पिळून समोरच्याला 'सोड' म्हणायला लावणं हा दुसरा. गॉचच्या तालमीत वजनं उचलण्यापेक्षा भर होता दंड, बैठका आणि मुदगलांवर. आपल्याकडचीच मेहनत तिकडे गेली आणि 'हिंदू स्क्वॉट' नावाने जपानी पोरांच्या मांड्या फोडू लागली. नव्या भरतीला शेकड्यांनी बैठका मारायला लावायची रीत तिथे पुढे वर्षानुवर्षं टिकली. पंचेचाळीस मिनिटं अर्धवट पडून, ढुंगणावर सरकत, पाय झाडत राहणं ही साधी गोष्ट नाही. ते पोट आणि त्या मांड्या कुठून आल्या हे यावरून कळावं.

आता करार. मार्च १९७६ मध्ये न्यूयॉर्कला घोषणा झाली आणि अलीच्या वाट्याचा आकडा छापून आला साठ लाख डॉलर. त्यातले प्रत्यक्षात हातात किती पडले हा पुढच्या भांडणाचा विषय. अली या सामन्याकडे काय म्हणून बघत होता, यावर दोन्ही गोटांतल्या माणसांच्या आठवणी जुळत नाहीत. ठरवून एक तमाशा करायचा, अलीची इज्जत राखून इनोकीला जिंकू द्यायचं, असा बेत होता असं काही जण सांगतात. अली तयार नव्हता म्हणूनही सांगतात आणि इनोकीच तयार नव्हता म्हणूनही सांगतात. अलीने त्या जूनच्या सुरुवातीला अमेरिकेत व्यावसायिक पैलवानांबरोबर थोडी गंमत केली होती. गोरिला मान्सून नावाच्या अगडबंब गड्याने त्याला खांद्यावर घेऊन गरगर फिरवलं आणि आपटलं, तेही प्रसिद्धीसाठीच. टोकियोत मात्र हवा बदलली. इनोकीचा उघडा सराव अलीच्या लोकांनी पाहिला, त्यातली फेकाफेक आणि लाथा पाहिल्या, आणि नियमांची ओढाताण सुरू झाली.

या प्रकरणाचा गाभा या ओढाताणीत आहे. अंतिम मसुद्यात नेमकं काय होतं यावर आजही दोन बाजूंची दोन सांगणी आहेत. सर्वत्र छापून आलेलं असं की, इनोकीला उभ्याने लाथ मारायला बंदी होती. एक गुडघा किंवा एक पाय जमिनीला असेल तरच लाथ चालणार होती. डोक्याने धडक, गुडघ्याचे प्रहार बंद. कोणी दोराला हात लावला की पंचाने दोघांना सोडवायचं. अलीच्या हातात चार औंसांचे ग्लोव्ह, म्हणजे नेहमीच्या लढतीपेक्षा निम्मे. आणि हे सगळं प्रेक्षकांना धड कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

कुस्तीच्या माणसाने हे नियम वाचावेत आणि इनोकीच्या जागी स्वतःला ठेवून बघावं. समोर जगातला सर्वांत वेगवान हेवीवेट. हातावर पातळ ग्लोव्ह, त्यामुळे एक ठोसा नीट बसला तर रात्र संपली. जवळ जाऊन पट काढावा, म्हणजे पाय धरून पाडावं, तर जाता जाता ठोसा बसायची भीती, आणि पट लागलाच तर त्याचा हात दोराला लागला की पंच उठवणार. उभ्याने लाथ मारता येत नाही. मग उरतं काय? उरते ती एकच जागा, जिथे ठोसा पोचत नाही पण लाथ पोचते: अलीच्या पायांपुढची जमीन.

आपल्या मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली, चितपट. ज्युडोत पाठीवर स्वच्छ फेकलं की इप्पॉन, तिथेही संपलं. बॉक्सिंगमध्ये आडवा झालेला माणूस म्हणजे पंचाने दहा आकडे मोजायचा माणूस. तिन्ही विद्यांची वर्षानुवर्षांची तालीम एकाच गोष्टीभोवती उभी आहे, की खाली पडायचं नाही. त्या रात्रीच्या नियमांत मात्र खाली पडण्याला काहीच दंड नव्हता. मोजणी नाही, चितपट नाही, गुण कापणं नाही. इनोकीने ही फट हेरली. बुदोकानमधल्या जपानी प्रेक्षकांना ते लाजिरवाणं वाटलं, कारण त्यांच्या डोळ्यांनाही पाठ टेकणं म्हणजे हार हेच वळण होतं. अली तर पहिल्या फेरीपासून त्याला भेकड म्हणून ओरडत होता, उठून लढ म्हणत होता. तो अलीच्या विद्येचा नियम होता. इनोकीने तो मान्य करावा असं कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

चित्रफीत आजही बघायला मिळते. पहिली घंटा वाजते आणि इनोकी आपल्या कोपऱ्यातून धावत येऊन घसरतच अलीच्या पायांत लाथ घालतो. हुकते. मग तो उठत नाही. ढुंगणावर, एक हात मागे टेकून, अलीच्या सभोवती सरकत राहतो. पाय आखडतो, सोडतो. तळपाय किंवा नडगीची बाजू अलीच्या डाव्या पायावर, कधी गुडघ्याच्या मागच्या लवणीत, कधी मांडीवर. आवाज मोठा होत नाही, त्यामुळे मागच्या रांगेतल्या माणसाला काही घडतंय असं वाटतच नाही. अली नाचतो, हातवारे करतो, वाकुल्या दाखवतो. एकदा तर लाथ चुकवायला चक्क दोरांवर चढून बसतो. लोक हसतात. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर त्याचं नाचणं कमी होत जातं ते नीट बघा. डावा पाय टेकताना तो वजन लवकर उचलायला लागतो. पाय सुजू लागलेला असतो.

डावाच पाय का, हे बॉक्सिंग शिकलेल्याला सांगायची गरज नाही. उजव्या हाताच्या बॉक्सरचा डावा पाय पुढे असतो. जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट ठोशाचा पल्ला त्यावर, पुढे-मागे सरकणं त्यावर, ठोसा चुकवून कमरेतून वळणं त्यावर. बॉक्सिंगमध्ये कमरेखाली मारायलाच बंदी, म्हणून त्या पायाचं रक्षण कसं करायचं हे कधी कोणी शिकवतच नाही. थायलंडच्या मुए थाई बॉक्सरला ते पहिल्या महिन्यात शिकवतात: लाथ येताना दिसली की गुडघा उचलायचा, नडगी आडवी धरायची, तिच्यावर लाथ झेलायची. पण हे करायचं तर उभं राहणंच बदलावं लागतं. वजन मागच्या पायावर घ्यावं लागतं, अंगाची ठेवण समोर करावी लागते, आणि अलीची ती तरंगती चाल निम्मी हरवते. म्हणजे बॉक्सिंगमध्ये एक 'चेक' (नडगीवर लाथ झेलायची ही युक्ती) जोडला की झालं, असं होत नाही. एक गोष्ट आत आली की दुसरी बाहेर पडते. दोन-तीन शैली एकदम शिकणाऱ्या पोरांना हे सर्वांत उशिरा उमगतं. सोमवारी बॉक्सिंग, बुधवारी मुए थाई, शनिवारी ज्युजित्सू असा आठवडा लावला की बेरीज होत जाते असं त्यांना वाटतं. आणि एक दिवस समोरच्याची खालची लाथ पुढच्या पोटरीवर बसते आणि बॉक्सिंगच्या सरांनी घटवून दिलेली पुढे झुकलेली ठेवण किती महागात पडते ते कळतं.

बरं, अलीपुढे काही उपाय होता का? होता, पण त्याच्या विद्येत नव्हता. पडलेल्याच्या पायांना बगल देऊन कडेने आत शिरायचं, घोटे धरून पाय एका बाजूला फेकायचे आणि वरून बसायचं. ब्राझिलियन ज्युजित्सूत याचे तासन्‌तास धडे असतात, आपल्या पैलवानालाही खाली गेलेल्या गड्याच्या कडेने कसं फिरायचं हे अंगवळणी असतं. अलीने सहाव्या फेरीत एकदा हात घातला. इनोकीचा पाय धरायला गेला आणि इनोकीने त्याच क्षणी पायाला पाय अडकवून त्याला खाली खेचलं. जगज्जेता जमिनीवर, इनोकी त्याच्यावर स्वार. सगळ्या सामन्यातला हा एकच क्षण असा, जिथे इनोकीची विद्या इनोकीच्या अंगणात पोचली होती. त्याने काय केलं? कोपर मारलं. नियमात बसत नव्हतं, शिवाय दोर जवळ होता. पंचाने सोडवलं आणि गुण कापले. गॉचच्या शिष्याने तिथे हात पकडून पिळला असता तर या प्रकरणाचा शेवट वेगळा लिहिला गेला असता असं मला वाटतं. मात्र दोराजवळ ते पुरं करायला त्याला वेळ मिळाला असता का, ही शंका राहतेच.

अलीच्या कोपऱ्यात त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी. त्याने सामना चालू असतानाच तक्रार केली की इनोकीच्या बुटांच्या लेसभोवतीचं धातूचं काम अलीच्या पायाला कापतंय. बुटांना चिकटपट्टी गुंडाळायला लावली. जे कधी कोणी शिकलं नव्हतं त्याला तोंड द्यायची ही एक वेगळीच तऱ्हा, आणि अनुभवी कोपऱ्याचं कसब तिथे दिसतं. पहिला खरा ठोसा अलीने मारला तो सातव्या फेरीत.

निकालाची गंमत पंचांच्या कागदात आहे. मधला पंच जीन लेबेल, याने ७१-७१ दिले. बॉक्सिंगच्या बाजूचा जपानी पंच को तोयामा, याने इनोकीला ७२-६८ असं पुढे ठेवलं. कुस्तीच्या बाजूचा कोकिची एंडो, याने अलीला ७४-७२ असं जिंकवलं. प्रत्येकाला आपल्या माणसाचं कच्चं दिसलं की समोरच्याचं पक्कं, कोण जाणे. इनोकीचे तीन गुण नियमभंगासाठी कापले गेले होते. ते कापले नसते तर तिन्ही कागदांवर तो पुढे असता. बरोबरी, म्हणे!

लेबेलला पंच म्हणून का बोलावलं असावं हे समजायला तेरा वर्षं मागे जावं लागतं. अमेरिकेचा ज्युडो विजेता लेबेल डिसेंबर १९६३ मध्ये सॉल्ट लेक सिटीत मायलो सॅव्हेज या बॉक्सरशी लढला होता. बॉक्सर ज्युडोवाल्याला सहज झोपवेल, असा दावा एका मासिकाने पैज लावून केला होता, त्याला हे उत्तर. तिथले नियम वेगळे: लाथा बंद, आणि दोघांच्याही अंगात जॅकेट. चौथ्या फेरीत लेबेलने सॅव्हेजला खाली नेलं आणि मागून गळा आवळला. सॅव्हेज बेशुद्ध. पंधरा फेऱ्यांची रटाळ बरोबरी नाही, सरळ निकाल. आता कोणी म्हणेल, बघा, ज्युडो भारी. जॅकेट उतरवा आणि पुन्हा सांगा. ज्युडोवाल्याची पकड कॉलरवर आणि बाहीवर असते. बॉक्सरला ते कापड अंगावर चढवायला राजी केलं तेव्हाच अर्धा सामना लेबेलच्या खिशात आला होता. १९७६ मध्ये उघड्या, घामाने निसरड्या अंगाच्या अलीला धरायचं म्हटलं असतं तर खुद्द लेबेलची काय गत झाली असती, कोणास ठाऊक.

टोकियोनंतर सहाच महिन्यांत कराचीत जे झालं ते तर या सगळ्याहून बोलकं आहे, आणि आपल्या जवळचं. १२ डिसेंबर १९७६ ला नॅशनल स्टेडियममध्ये इनोकी उतरला अक्रम पहिलवानासमोर. अक्रम हा भोलू बंधूंपैकी एक, इमामबक्षाचा मुलगा, म्हणजे थोरल्या गामाचा पुतण्या. इमामबक्ष हा कोल्हापूरच्या खासबागेने पाहिलेला मल्ल, त्याचं नाव जुन्या शौकिनांच्या तोंडी अजून आहे. असं घराणं. ठरवून लढण्याचा काही बेत होता की नाही यावर इथेही उलटसुलट सांगतात, पण प्रत्यक्षात झाली ती खरी लढत. तिसऱ्या फेरीत इनोकीने अक्रमचा हात दुहेरी मनगटपकडीत धरला. मनगट धरून, आपला दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून, खांदा मागे पिळत नेणं. ज्युजित्सूवाले याला किमुरा म्हणतात. अक्रमने हार मानली नाही. हात मोडला.

याला लोक शौर्य म्हणतात आणि ते आहेच. पण तालमीच्या अंगाने बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. गामाच्या घराण्याची कुस्ती पाठ लावायची. तिथे जोर, दम आणि डाव हे सगळं समोरच्याचे खांदे जमिनीला टेकवण्यासाठी. सांधा पिळला गेला की कुठल्या क्षणाला थांबायचं, ही जाण रोज एकमेकांचे हात पिळून आणि रोज जमिनीवर थाप मारून, म्हणजे हार मानल्याची खूण करून, सुटून येते. ज्युजित्सूच्या क्लासमध्ये नवशिका पहिल्याच दिवशी ही थाप मारायला शिकतो आणि तिथे तिची लाज नसते. दंगलीच्या पैलवानासाठी हार कबूल करणं म्हणजे घराण्याचं नाव घालवणं. अक्रमचा खांदा ज्या क्षणी धोक्यात आला, तो क्षण त्याच्या विद्येच्या नकाशावरच नव्हता.

पुढे त्याच घरातल्या झुबेर झारा या जवान पोराला तयार करून १७ जून १९७९ ला लाहोरच्या गद्दाफी स्टेडियममध्ये इनोकीसमोर उभं केलं. पाच फेऱ्या, बरोबरी. इनोकीने शेवटी झाराचा हात वर उचलला. त्या सामन्याचे गोडवे पाकिस्तानात अजून गातात. मला त्यात महत्त्वाचं हे वाटतं की अडीच वर्षांत त्या घराने इनोकी काय करतो ते बघून घेतलं होतं. झारा हात देत नव्हता, वरून दाबत होता.

टोकियोला परत येऊ. अलीचे पाय त्या रात्री सुजून काळेनिळे झाले होते. डॉक्टरांनी आराम सांगितला असतानाही तो लगेच सोलला एका कार्यक्रमाला गेला. अमेरिकेत परतल्यावर पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या म्हणून त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. सप्टेंबरअखेर केन नॉर्टनशी तो लढला आणि गुणांवर जिंकला, पण त्या निकालावर नाकं मुरडणारे आजही आहेत. मे १९७६ मध्ये म्युनिकला रिचर्ड डनला त्याने लोळवलं होतं, त्यानंतर कारकीर्द संपेपर्यंत एकालाही वेळेआधी संपवू शकला नाही. हे सगळं इनोकीच्या लाथांच्या माथी मारणं अतिशयोक्ती होईल, अलीचं वय झालं होतं आणि मनिलातल्या लढतीत बॉक्सर जो फ्रेझरने त्याच्यातलं बरंच काही आधीच काढून घेतलं होतं. तरी ज्या लाथांना सभागृह हसलं त्यांनी जगज्जेत्याला इस्पितळात पोचवलं, एवढं नोंदवायला हरकत नाही. इनोकीचीही चांदी झाली असं नाही. लोक चिडलेले आणि कंपनी कर्जात. ते फेडायला त्याने पुढची कित्येक वर्षं निरनिराळ्या शैलींच्या लोकांशी सामने लावले, त्यात बॉक्सर चक वेपनर होता, कराटेवाला विली विल्यम्स होता. अली आणि इनोकीची वैयक्तिक मैत्री मात्र टिकली. ४ एप्रिल १९९८ ला टोकियो डोममध्ये इनोकी निवृत्त झाला तेव्हा अली हजर होता.

तुलना करायचीच तर कशी करावी, याबद्दल या प्रकरणावरून माझं एक ठाम मत झालं आहे. दोन शैलींना समोरासमोर आणताना आधी विचारायचं की सामना कुठे संपतो. पाठ टेकल्यावर, बेशुद्ध झाल्यावर, थाप मारल्यावर, की घड्याळ संपल्यावर? मग विचारायचं की पडलेल्याचं काय करायचं. या दोन प्रश्नांची उत्तरं बदलली की त्याच दोन माणसांचा निकाल बदलतो. क्लबमधल्या मैत्रीपूर्ण सरावात, ज्याला आपण सहज 'हलकं स्पारिंग' म्हणतो, तिथेही हे आधी बोलून घेतलेलं नसतं. कराटेवाला एक फटका लावून थांबतो कारण त्याच्या डोक्यात गुण मिळाला, आणि कुस्तीवाला त्याच क्षणी त्याचा पट काढतो. दोघेही घरी जाऊन सांगतात की मी जिंकलो. दोघेही आपापल्या नियमाने खरंच बोलत असतात.

१२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांना समोरासमोर आणणारी स्पर्धा, झाली तेव्हा हाच प्रश्न पुन्हा टेबलावर आला. बॉक्सर आर्ट जिमरसन एकाच हातात ग्लोव्ह घालून रॉयस ग्रेसीसमोर आला, आणि खाली पाडला गेल्यावर एकही धड ठोसा न मारता थाप मारून मोकळा झाला. तिथे दोर नव्हते, जाळी होती. फेऱ्यांवर सोडवणारी गुणमोजणी नव्हती. म्हणजे टोकियोत इनोकीच्या हातून जे काढून घेतलं होतं ते सगळं ग्रेसीला मोकळं होतं.

एक उभा, एक त्याच्या पायांपुढे पाठीवर, दोघेही पुढे यायला तयार नाहीत, या अवस्थेला जपानमध्ये आजही 'इनोकी-अली' अवस्था म्हणतात. आजच्या एमएमएमध्ये, म्हणजे सगळ्या शैली मिसळून लढायच्या खेळात, ती अधूनमधून दिसतेच. फरक एवढा झालाय की उभा असलेला मागे सरकून हाताने 'उठ' अशी खूण करतो, आणि दोघांकडूनही काही होत नाही असं दिसलं की पंच मध्ये येऊन खालच्याला उठायला लावतो. उभ्याला खालच्याच्या मांड्यांवर लाथा मारायची मुभा आहे, डोक्यावर नाही. खालच्यानेही वर लाथा माराव्यात, गुडघ्यावर, पोटावर, चालतं. पोटरीवरची लाथ आता पहिल्या फेरीपासून मारतात, आणि अलीसारखा पुढचा पाय ताणून उभा राहणारा गडी समोर आला की कोपऱ्यातून पहिली आरोळी तिचीच येते.